पांगरेकर सर आणि चुकीची बाटली

पांगरेकर सर वहीत शिंकसुद्धा लिहून ठेवतात. ‘सकाळी दहा वीस. पेशींना खाद्य दिलं. सुनंदाबाई दोनदा शिंकल्या, पण पाच फुटांवरून.’ त्या सुनंदाबाई म्हणजे मी. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत एकोणीस वर्षं सरांची प्रयोगशाळा सांभाळतेय. माझ्या सर्दीचा एवढा तपशीलवार इतिहास माझ्या डॉक्टरांकडेही नसेल.

सरांचं काम कर्करोगाच्या पेशींवर. शरीरातल्या पेशी एकमेकींना ‘वाढ’, ‘थांब’ असे निरोप देत असतात. कर्करोगाच्या पेशीला ‘थांब’ काही ऐकूच येत नाही. “आमच्या थोरल्या काकांसारखी,” सर म्हणतात. “कुणाचं ऐकायचंच नक्को!” घराणं मूळचं परभणीकडचं, पण तीन पिढ्या इथल्या बरकतपुऱ्यात गेल्या, त्यामुळे मराठीत अशी हैदराबादी दख्खनी सतत मिसळते. पेशींशीही ते तसंच बोलतात. सकाळी इन्क्युबेटर उघडून बाटल्यांना विचारणार, “हौ, कैसे हैं सब?” पेशी मेल्या असल्या तर वहीत लिहिणार, ‘आज वाईट वाटलं.’

“सर, ही कसली नोंद?” मी एकदा विचारलं.

“मन बिघडलं की हात घाई करतो, बाई. पुढच्याला कळायला नक्को?”

पंधरा वर्षांपूर्वी सरांचा एक शोधनिबंध गाजला होता. एक विशिष्ट प्रथिन बंद केलं की स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढायच्या थांबतात, असं त्यांनी दाखवलं होतं. गेल्या वर्षी श्रावणी नावाची विद्यार्थिनी त्याच्या पुढचं काम करायला आली. तिनं नव्यानं मागवलेल्या पेशी थांबेचनात. सहा महिने मुलगी राबली. एक दिवस सिंकपाशी उभी राहून रडायला लागली. “मेरा हाथच खराब है, सर.”

सरांनी तिची वही मागून घेतली आणि सबंध दुपार पान न् पान वाचली. “हात नई खराब, बेटा. तुझ्या वहीत चूकच सापडेना,” म्हणाले आणि कपाटातून त्या निबंधाच्या वेळच्या स्वतःच्या जुन्या वह्या काढायला लागले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. वहीतल्या एका ओळीवर बोट ठेवलेलं होतं. ‘सुनंदाबाई रजेवर. दोन्ही जातींच्या पेशींना मीच खाद्य दिलं. पिपेट बदलली का? बहुतेक हो.’

शिंकेचं अंतर मोजणाऱ्या माणसानं तिथं ‘बहुतेक’ लिहिलं होतं.

त्या वेळच्या पेशींची गोठवून ठेवलेली जुनी कुपी तपासायला पाठवली. उत्तर आलं. त्या पेशी स्तनाच्या नव्हत्याच. त्याच पिपेटमधून दुसऱ्या बाटलीतल्या पेशी स्तनाच्या पेशींत मिसळल्या होत्या आणि वाढून वाढून त्याच उरल्या होत्या.

संचालक म्हणाले, “दोन वर्षांत निवृत्त होताय. आता कशाला उकरता?” सरांनी ऐकून घेतलं. सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “श्रावणी बरोबर आहे. मी चुकलो होतो.” निबंध मागे घेत असल्याचं पत्र त्याच दुपारी पाठवलं. श्रावणीनं इतक्या महिन्यांत पहिल्यांदा डबा पूर्ण संपवला.

संध्याकाळी मी पर्स उचलली, तर सर दारात उभे. “सुनंदाबाई, आज घरी स्वयंपाक काय?”

“वरण-भात, मेथीची भाजी.”

“मी आलो तर कमी पडेल?”

एकोणीस वर्षांत या माणसानं माझ्याकडे साधा चहासुद्धा घेतला नव्हता. मी पटकन ‘या’ म्हटलं.

विद्यानगरला आमच्या घरी ते चार सीताफळं घेऊन आले. सासूबाईंनी पान वाढलं आणि सहज विचारलं, “आज कामावर काय केलंत?” सरांनी सगळं सांगितलं. बाटली, श्रावणी, पत्र, सगळं. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंना त्यातलं किती कळलं, देव जाणे.

“पत्र पाठवलंत ना?” त्यांनी विचारलं.

“पाठवलं.”

“बरं केलंत. भात घ्या.”

सरांनी दोनदा भात घेतला. निघताना चप्पल घालता घालता मला म्हणाले, “घरी सांगायला कुणी नाही हो. म्हणून आलो.”

आतून सासूबाई ओरडल्या, “परवा भरली वांगी आहेत!”

सर तोवर जिना उतरायला लागले होते. दोन पायऱ्या परत वर आले.

“परवा किती वाजता?”