हुणसगट्टीच्या तिसऱ्या कळीची हकीकत

श्रीजनार्दन प्रसन्न. ज्या तर्जनीच्या नखावर शाईची एक काळी रेघ उमटली असता मोठमोठ्या गाद्या हालतात, त्या तर्जनीस आधी नमन, मग लेखणीस हात. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध नवमी, ते दिवशी दक्षिणदेशी एके राज्यात आमदारकीचे मतदान जाहले, त्यात जे अद्भुत घडले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव पुसू नये, आम्ही सांगणार नाही. इतके पुरे की तेथील माती काळी, भाकरी जोंधळ्याची, आणि बाजारात अर्धे बोलणे कानडी तर अर्धे मराठी चालते. त्या राज्यात मतदारसंघ बहुत, पैकी एक नदीकाठचा, एक लक्ष ऐशी हजार मतांचा. तेथे राजश्री रुद्रगौडा, लोकांच्या तोंडी गौडर, वीस वर्षे आमदार होते, निशाणी घागर, आणि गेल्या खेपेस अकरा हजार मतांनी निवडून आले होते. त्यांजवर राजश्री मडिवाळप्पा, निशाणी जाते, चालून आले. हत्ती नाहीत, तोफा नाहीत, जीपगाड्या आणि कर्णे, परंतु धुरळा तितकाच उडाला आणि घसे तितकेच बसले. मग प्रचार थांबला, आणि दोन्ही सरदार आपापल्या घरी गप्प बसले, कारण त्या राज्याचा कायदाच ऐसा की अखेरचे दोन दिवस राजानेही तोंड मिटून रयतेच्या बोटाची वाट पाहावी. हे ऐकून परमुलखीचा माणूस हसेल, परंतु आमच्या तर अंगावर काटा येतो.

आता ज्यांची ही हकीकत, त्या नीलांबिकाबाई हिरेमठ. शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवीत होत्या. त्या मुलखी बाईमास्तरांस अक्कोर म्हणतात, म्हणून त्यांसही सारे अक्कोर म्हणत. अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत, आणि नजर ऐसी की शेवटच्या बाकावरील कॉपी पाठमोऱ्या उभ्या असतां धरीत. त्यांची शाळा पूर्वी चिंचेखाली भरत असे. पाऊस आला की सुटी. मग रुद्रगौडांनी खटपट करून तीन खोल्या बांधवून दिल्या, दगडी, वर पक्के छत, आणि उद्घाटनास स्वतः येऊन मुलांसमवेत मांडी घालून उप्पीट खाल्ले. ते उपकार अक्कोर विसरल्या नव्हत्या. म्हणून नोकरीवर जाण्याआधी टपालाने मत धाडले तेव्हा शिक्का घागरीवर मारला. ही गोष्ट त्यांस ठाऊक, देवास ठाऊक, आणि बखर लिहिणारास सर्व ठाऊक असावे लागते म्हणून आम्हांस ठाऊक.

तर हुकूम आला की हुणसगट्टी गावचे मतदानकेंद्र नीलांबिकाबाईंनी सांभाळावे, केंद्राध्यक्ष म्हणून. मग अक्कोर यंत्र घेऊन गेल्या. त्या यंत्राचे वर्णन काय करावे! दिसावयास मसाल्याच्या डब्याएवढे, आणि आत राज्य. मतदाराने कळ दाबली की मत यंत्रात बसे, आणि शेजारच्या काचेच्या पेटीत कागदाची चिठ्ठी क्षणभर दिसून खाली पडे. परंतु खरे मतदान सुरू होण्याआधी लुटुपुटूचे मतदान करावे, ऐसा दंडक. दोन्ही पक्षांचे माणूस समोर बसवावे, पन्नास खोटी मते टाकवून यंत्र खरे चालते हे दाखवावे, मग ओळीने तीन कळा दाबाव्या. पहिली बंद, ती त्या यंत्रात पुढचे मत येईतोवरच, दुसरी निकाल, तिसरी साफ. तिसरी दाबली की पन्नास मते पुसली जातात आणि यंत्र कोऱ्या पाटीगत होते. अक्कोरांनी हा दंडक तीन वेळा वाचून पाठ केला होता, आणि साहाय्यकास म्हणाल्या, "चुकायला काय आहे यात? तीनापर्यंत मोजायचं, बस."

पहाटे साडेपाच वाजता मांडामांड जाहली. रुद्रगौडांकडून इराप्पा बसला, मिशीला पीळ देणारा, आणि मडिवाळप्पांकडून कल्लाप्पा, पेंगणारा. इराप्पाने हौसेने घागरच घागर दाबली, तीस वेळा. कल्लाप्पाने पंधरा वेळा जाते दाबले आणि जांभई दिली. "अरे दाब की अजून," इराप्पा म्हणाला, "खऱ्यात तर मिळायची नाहीत, खोट्यात तरी घे!" उरलेली पाच मते किरकोळ उमेदवारांत वाटली. मग अक्कोरांनी पहिली कळ दाबली, बंद. दुसरी दाबली, निकाल, तो दोघांस दाखविला. तोवर साहाय्यकाने पन्नास खोट्या चिठ्ठ्या पेटीतून काढून, पाठीवर शिक्के मारून, काळ्या पाकिटात घातल्या. आता तिसरी कळ. बोट उचलले, आणि तेवढ्यात बाहेर हलगी वाजली.

हुणसगट्टीची रीत ऐसी की गावातले सर्वांत थोर माणूस मत देत नाही तोवर दुसरे कोणी केंद्राचा उंबरा ओलांडीत नाही. ते वर्षी थोरपण तिम्मव्वा अज्जीकडे, वय शहाण्णव. चौघा नातवांनी तिला खुर्चीसकट उचलून आणली. डोईवर इरकलीचा पदर, कपाळी विभूती, आणि मागे सारा गाव पायी, चपला हाती घेऊन. आत आली तो इराप्पा उठला, कल्लाप्पा उठला, बंदोबस्ताचा पोलीस उठला, मग अक्कोरही उठल्या आणि अज्जीच्या पाया पडल्या. अज्जीने त्यांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "तू हितली साहेब काय गे?" "होय, अज्जी." "बाई असून?" "बाई असून." "बरं झालं की! आजवर सगळे मिशावाले बघितले. मी पयल्यांदा मत दिलं तवा नवरा म्हनला, मी सांगीन तिथं दे. मी होय म्हनलं आणि मला पायजे तिथं दिलं. मेला, तरी त्याला कळलं नाही!" सारे हसले. परंतु अक्कोरांच्या डोळ्यांस पाणी आले. लंगडी खुर्ची, खडूने आखलेली रेघ आणि तो डबा, एवढ्या सामानावर ही बाई सत्तर वर्षे राज्ये उठवीत बसवीत आली, हे मनी येऊन त्या थक्क होऊन उभ्या राहिल्या. तो घड्याळात सात वाजले. अज्जीच्या बोटास शाई लागली, अज्जीने कळ दाबली, यंत्र पीं करून वाजले, आणि मतदान सुरू जाहले. तिसरी कळ राहिली ती राहिलीच.

दिवसभर बोटे आली आणि गेली. सायंकाळी सहा वाजता दार लावून अक्कोरांनी एकूण आकडा पाहिला. यंत्र म्हणे सहाशे बासष्ट. वहीत सह्या सहाशे बारा. पुन्हा मोजल्या, सहाशे बारा. "अगं बाई! साफ केलंच नाही," एवढेच बोलल्या. एकतीस वर्षे दुसऱ्यांच्या चुकांवर लाल फुली मारणारी बाई, तीनापर्यंत मोजताना दोनावर थांबली. क्षेत्राधिकाऱ्यांस फोन लाविला, ते कडाडले, "निलंबन ठरलेलं समजा, बाई! सेवेत डाग!" मग इराप्पा जवळ सरकला. "अक्कोर, सोडा की. गावातली पन्नास माणसं ऊसतोडीला गेलीत, आलीच नाहीत. त्यांच्या नावापुढं आंगठे उठवू, वही जुळली. कोण बघतंय?" कल्लाप्पा तरी विरोधी, त्याने आडवे यावे, तर तोही म्हणाला, "व्हय की. गौडर अकरा हजारांनी येणार. पंधरा मतांनी काय आभाळ पडतंय? पुन्हा मतदान लागलं तर अज्जीला परत उचलायची." साहाय्यकाने मान डोलविली. सर्वांची एक मसलत जाहली, अक्कोरांची नोकरी वाचावी. त्यांत वाईट कोणीच नव्हते, हेच अवघड.

अक्कोरांनी वहीकडे पाहिले, आणि काही काळ लोभ पडला, खोटे कशाला सांगा. पेन्शनीस चौदा महिने उरले होते. परंतु मग म्हणाल्या, "पोरं पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून बेरीज जुळवतात, तेव्हा मी काय करते ठाऊक आहे, इराप्पा? सगळं गणित पुसायला लावते." इराप्पा खाली बघून म्हणाला, "ठाऊक आहे. माझी लेक तुमच्याकडंच होती." मग अक्कोरांनी कागद घेतला आणि स्वदस्तुरे लिहिले की तिसरी कळ दाबण्यास मी विसरले, खोटी पन्नास मते यंत्रात आहेत, घागर तीस, जाते पंधरा, इतर पाच, चूक माझी, इतर कोणाची नाही, वेळ सहा वाजून वीस मिनिटे. खाली सही केली, दोघा प्रतिनिधींच्या घेतल्या, आणि लाखेची मोहर केली. अक्षर सुवाच्य होते.

पुढे मोजणीचा दिवस उजाडला. तालुक्याच्या गोदामात मेजे मांडली, आणि सकाळपासून यंत्रे उघडत गेली. कधी घागर पुढे, कधी जाते पुढे, बाहेर गुलालाची पोती एकदा या बाजूस सुटत, एकदा त्या बाजूस बांधली जात. अकरा हजारांची भाषा दहा वाजता आटली, बारा वाजता हजारावर आली. दुपारी दोन वाजता सर्व केंद्रे संपली, हुणसगट्टी तेवढे बाजूस ठेविलेले, आणि रुद्रगौडा त्रेचाळीस मतांनी पुढे! एक लक्ष ऐशी हजार बोटे एकीकडे, आणि मसाल्याच्या डब्याएवढे एक यंत्र दुसरीकडे, आणि मध्ये एका मास्तरणीचा कागद. अक्कोरांस पाचारण जाहले. गौडांची माणसे ओरडू लागली, "यंत्रच मोजा! यंत्र खोटं कसं बोलेल? बाईच खोटी!" यंत्र मोजले तर गौडा चौदा मतांनी तरत होते, हे पुढे कळले. मग रुद्रगौडा स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठले, आणि अक्कोरांसमोर येऊन उभे राहिले. "अक्कोर, हे पन्नासाचं तुम्ही लिहिलंत ते आज, की त्याच दिवशी?" अक्कोरांच्या मनात त्या तीन दगडी खोल्या उभ्या राहिल्या, वरचे पक्के छत, उप्पिटाची पत्रावळ. म्हणाल्या, "त्याच दिवशी, गौडर. सहा वाजून वीस मिनिटांनी. इराप्पाची सही आहे." गौडांनी इराप्पाकडे पाहिले. इराप्पाने मिशीवरचा हात काढून मान हालविली. तेव्हा रुद्रगौडा आपल्या माणसांकडे वळून एकच शब्द बोलले, "बसा." आणि सारे बसले. धन्य ते बसणे! त्या शब्दासाठी पूर्वी सरदारास जहागीर मिळती.

मग नियमाप्रमाणे पेटीतील चिठ्ठ्या हाताने मोजल्या. घागर दोनशे एक्याऐंशी. जाते तीनशे पंचवीस. इतर सहा. पुन्हा मोजल्या, तेच. त्रेचाळीसची आघाडी फिटून वर एक उरले. मडिवाळप्पा एका मताने आमदार जाहले. तरवार म्यानातून निघाली नाही, कोणाचे डोके फुटले नाही, आणि वीस वर्षांची सत्ता बोटभर कागदाने उलटली. रुद्रगौडांनी मडिवाळप्पांस हार घातला, पाणी मागून प्याले, आणि पोलिसाने गाडीपर्यंत छत्री धरू पाहिली ती नको म्हणून उन्हातून चालत गेले. आम्ही पुष्कळ लढाया वाचल्या, परंतु ऐसा पराभव वाचिला नाही.

अक्कोर निलंबित जाहल्या, चौकशी बसली. शाळा सुरू होण्याच्या दिवशी त्या आपल्या रुमालात बांधलेल्या जुन्या वह्या न्यावयास शाळेत आल्या असतां रुद्रगौडा तेथे आले. गाडी फाटकाबाहेर ठेविली, व्हरांड्यात लहान बाकावर कसेबसे बसले, छताकडे पाहिले. "गळत नाही ना?" "नाही, गौडर." मग म्हणाले, "एक मत, अक्कोर. एक. बायकोला विचारलं, दिलं म्हणाली. पोरांना विचारलं, जावयाला विचारलं, ड्रायव्हरला विचारलं. सगळ्यांनी दिलंय. मग कमी कसं पडलं?" अक्कोर वह्यांच्या रुमालाची गाठ पुन्हा बांधू लागल्या. "तुमच्या चौकशीचं मी बोलू का कुणाशी? अजून चार माणसं ओळखतात मला." "नको, गौडर." मग ते हळूच म्हणाले, "तुमचं मत कुणाला, हे मी विचारणार नाही."

तेव्हा अक्कोरांचा जीव तुटला. घागर, हा एकच शब्द जिभेवर आला होता. बोलत्या तर म्हातारा सुखाने घरी जाता. परंतु तो शब्द आता बोलणे म्हणजे चौकशीतून सुटण्यासाठी पदर पसरणे, आणि गुप्त ते गुप्त, ऐसे त्यांनीच एकतीस वर्षे पोरांस शिकविलेले. म्हणाल्या, "विचारू नका, गौडर." रुद्रगौडांनी समजल्यागत मान हालविली, आणि हात जोडून उठले. "बेरीज बरोबर होती तुमची," म्हणाले, आणि गेले. ज्यांनी आपणांस मत दिले नाही त्यांत अक्कोर एक, ऐसे मनात धरून गेले, आणि अक्कोरांनी त्यांस तसे जाऊ दिले. मग त्या बाकावर बसून पदर तोंडास लावून खूप रडल्या.

येणेप्रमाणे एक कळ विसरली, एक कागद लिहिला, एक शब्द गिळिला, आणि गादी फिरली. हुणसगट्टीत आज पुसाल तर जात्यास मत देणारे तीनशे पंचवीस जण शपथ घेऊन सांगतात की ते एक मत माझेच. तिम्मव्वा अज्जीस पुसाल तर ती हसते आणि काहीच सांगत नाही. इति.