करकोच्याची हमी

टेलरमास्तरांनी दारावर झोकात पाटी लावली: ‘करकोचा दिसणारच. न दिसल्यास खोलीचं भाडं परत.’ करकोच्यांना मात्र त्यांनी विचारलं नव्हतं.

तयार कपड्यांमुळे मास्तरांचं शिवणाचं दुकान कधीच बसलं होतं. पण गावाजवळचं तळं पक्ष्यांसाठी राखीव झालं, गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसं येऊ लागली, आणि चहावाल्यापासून नावाड्यापर्यंत सगळ्यांना बरे दिवस आले. मास्तरांनीही मागची खोली पाहुण्यांसाठी काढली.

“ही चालली नाही, तर मशीन विकायचं आणि लेकीकडे शहरात जायचं,” बायकोने बजावलं होतं. मास्तरांचा मशीनवर फार जीव होता. बायकोवरही होता, पण मशीन उलट बोलत नसे.

पहिली पाहुणी म्हणजे दातांची डॉक्टरीण. दोन दिवस ती तळ्याकाठी बसून राहिली. करकोचा काही फिरकला नाही.

तिसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मास्तरांनी आपली कला पणाला लावली. पांढऱ्या कापडाचा, कापूस भरलेला, लाल चोचीचा करकोचा शिवला आणि काठीवर खोचून गवतात उभा केला.

डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण रोखली. “मास्तर, पंखावर काहीतरी लिहिलंय.”

“वनखात्याची खूण असेल. मोजतात ना ते.”

“‘पाहुण्यांची खोली’ अशी?”

मास्तरांनी कपाळावर हात मारला. धुण्यात गल्लत नको म्हणून बायको त्या खोलीच्या प्रत्येक चादरीवर लाल दोऱ्याने हेच भरायची. अंधारात कपाटातली चादर कापताना त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. आता भाडंही गेलं आणि मशीनही.

इतक्यात वरून एक खराखुरा करकोचा घिरट्या घालत उतरला आणि चादरीशेजारी ऐटीत उभा राहिला. मागोमाग आणखी दोघे आले. डॉक्टरीणबाई हसत हसत फोटो काढत सुटल्या.

तेवढ्यात वनरक्षक आला. “हे कोणी शिवलं?”

“मीच,” मास्तर पुटपुटले.

“एक दिसला की बाकीचे निर्धास्त उतरतात. पलीकडच्या काठासाठी डझनभर शिवून द्याल?”

मास्तरांना चक्क रडू आलं.

घरी बातमी ऐकून बायकोने स्वतःच्या हाताने मशीनला तेल घातलं. “तुमच्या हातात जादूच आहे हो,” ती म्हणाली. मास्तर नव्या नवरदेवासारखे लाजले.

“काकू, मी अजून दोन दिवस राहते,” मागून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. “चादर तेवढी बदला.”

बायको कपाटाकडे वळली. मास्तर हळूच चपला शोधू लागले. हमी करकोच्याची होती. चादरीचं पाटीवर काहीच नव्हतं.