तात्यांची सापसुरळी

घरात साप निघाला की माणूस आधी पलंगावर चढतो आणि मग फोन करतो. दिवेआगरात तो फोन आमच्या शेजारच्या बापूकाकांना जातो. काका पलीकडून शांतपणे विचारतात, "पोटाखालचे खवले मोजलेस का?"

मग माझ्याकडून उशीचा अभ्रा घेऊन निघतात. सापाला अभ्र्यात घालायचं, मोजायचं, वहीत उतरवायचं आणि वाडीच्या टोकाला सोडून द्यायचं. "नोंद हवी," हे त्यांचं पालुपद. अभ्रा धुऊन परत आणतात हो, पण त्यावर पाहुण्यांना झोपवायचं कसं? माझा घरगुती राहण्या-जेवणाचा धंदा आहे. एकदा तर पोहे खात बसलेल्या पाहुण्यांना त्यांनी कौतुकाने सांगितलं, की तुमच्या खोलीच्या वाशांत धामण आहे, फार गरीब स्वभावाची. पाहुणे दुपारच्या आत पसार. मी चार दिवस काकांशी बोलले नाही.

हे वेड काकांना त्यांच्या वडिलांकडून, तात्यांकडून आलेलं. तात्या शाळामास्तर. साप-सरड्यांचा अभ्यास करायचा असतो हे इथे कुणाच्या गावीही नव्हतं, तेव्हा तात्या लोकांनी मारलेले साप मागून आणायचे. घरच्या वाडीत त्यांना गळ्याशी पिवळा पट्टा असलेली सापसुरळी सापडली. असली कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणून त्यांनी ती बाटलीत घालून मुंबईच्या तज्ज्ञांकडे पाठवली. बाटली वाटेत एसटीतच फुटली. तज्ज्ञांनी कळवलं, दुसरी पाठवा. दुसरी काही मिळाली नाही, आणि 'मास्तरांना भास झाला' हे ऐकत ऐकत तात्या गेले. काकांना ते फार लागलं. लग्न केलं नाही. रोज संध्याकाळी वाडीत ओणवे होऊन शोधत असायचे.

गेल्या वर्षी पुण्याहून एक संशोधक मुलगी माझ्याकडे उतरली. काकांनी जपून ठेवलेली तात्यांची वही, त्यातली सापसुरळीची नोंद बघून ती नाचायचीच बाकी राहिली. म्हणाली, एक जरी मिळाली तर जातीला तात्यांचंच नाव देऊ. काकांनी तिला आठ दिवस खाडी, सुरुबन, डोंगर, सगळीकडे हिंडवलं. बिचारी रिकाम्या हाताने परत गेली. मला काकांचं इतकं वाईट वाटलं, की संध्याकाळी गरम घावने घेऊन त्यांच्याकडे गेले.

काका विहिरीमागे झावळ्यांच्या ढिगाशी बसले होते. त्यांच्या पायाजवळ एक सापसुरळी मुंग्या टिपत होती. गळ्याशी पिवळा पट्टा.

माझं डोकंच फिरलं. "काका, तिला सगळा मुलूख फिरवलात आणि इथे नाही आणलंत? तात्यांचं नाव लागलं असतं हो."

"लागलं असतं," काका म्हणाले. "पण एक तरी मारून स्पिरिटमध्ये ठेवावी लागते म्हणाली." चार वर्षांपूर्वीच त्यांना ती दिसली होती. कुणाला बोलले नव्हते.

"अगो, तात्यांनी पाहिली तिचीच ही नातवंडं-पतवंडं. तात्यांच्या ओळखीचं घरात आता दुसरं कोण उरलंय?"

डोळे भरून आले. मी तिथेच टेकले.

"रोज याच वेळेला येते," काका हळूच म्हणाले. "तूही येत जा."