हंसाखालचं पत्र

"मा, आज एक अक्षरसुद्धा वाचायचं नसतं. तूच सांगतेस ना? देवी कोपते!"

तेरा वर्षांच्या तोर्साने आईला, सुदेष्णाला, बजावलं. न्यू जर्सीतल्या शाळेच्या हॉलमध्ये सरस्वतीपूजा चालली होती आणि सुदेष्णाच्या हातात बंगालमधल्या कृष्णनगरहून आलेलं तिच्या वडिलांचं पत्र होतं. नातीच्या नावाचं. तोर्सा बांगला फडाफडा बोलायची, पण वाचायला बसली की दुसऱ्याच अक्षरावर गाडं अडायचं. त्यामुळे आजोबांचं, तिच्या दादूंचं, पत्र आलं की ती ते फोडायलाच टाळाटाळ करायची.

"निदान फोड तरी!"

"उद्या फोडते. आज देवीपाशी राहू दे."

तिने ते बंद पाकीट देवीच्या हंसाखाली सरकवलं, तीन वेळा खिचडी वाढून घेतली आणि साफ विसरली.

आता अमेरिकेत मूर्ती नदीत सोडली तर पोलीसच येतात. म्हणून विसर्जनाचा मंत्र म्हणायचा, देवीला जुन्या रजयांत गुंडाळायचं, खोक्यात घालायचं आणि पुढच्या वर्षापर्यंत पूजामंडळातल्या बिभासकाकांच्या गॅरेजात ठेवायचं, असा तिथला रिवाज. देवी गेली, हंस गेला आणि हंसाखालचं पत्रही गेलं.

रविवारी दादूंचा फोन आला.

"पत्र मिळालं?"

"हो दादू! वाचलं पण!"

"आईला दाखवू नकोस हं, आपल्या दोघांतलं आहे. चुका किती निघाल्या?"

कसल्या चुका, हे विचारलं असतं तर चोरी उघडी पडली असती. तोर्साने ठोकून दिलं, "एकपण नाही!"

पलीकडे दादू कुणाला तरी ओरडून सांगू लागले, "ऐकलंत? एकही नाही म्हणते!" आणि पुन्हा फोनवर, "तरी ते पत्र परत पाठव. मला बघू दे."

"पाठवते."

ती धावतच बिभासकाकांकडे गेली.

"खोकं? छे गं बाई! मंत्र म्हटलाय, देवी झोपलीय. तिला अर्ध्या झोपेतून कोण उठवणार? आणि पुढ्यात तुझ्या काकींची सतरा खोकी रचलीत. ती हलवली तर देवीच्या आधी त्याच कोपतील!"

मग दर रविवारी दादू विचारायचे, "पाठवलंस?" आणि तोर्सा म्हणायची, "पाठवते." मनाला टोचणी लागली तेव्हा तिने एक केलं, बांगला वाचायला शिकायला घेतलं. पत्र हाती येईल त्या दिवशी घडाघडा वाचायचं आणि दादूंना खरंखुरं उत्तर लिहायचं, असं तिने ठरवून टाकलं. पोरीला उपरती झाली म्हणून सुदेष्णा घरोघर सांगत सुटली. जोडाक्षरांनी तोर्साला रडवलं, पण दुर्गापूजेपर्यंत तिला बरंच वाचता यायला लागलं.

कार्तिकात दादू गेले. सुदेष्णा एकटीच कृष्णनगरला जाऊन आली.

माघात पुन्हा सरस्वतीपूजा आली आणि खोकं उघडलं. काकांनी रजई सोडली आणि तोर्साने सगळ्यांच्या आधी हंसाखाली हात घातला. पाकीट फोडलं. वर्षभर गिरवलेली सगळी अक्षरं डोळ्यांपुढे घेऊन ती वाचायला लागली आणि थांबली.

पत्र इंग्रजीत होतं.

'तुला माझं बांगला जड जातं असं कळलं. म्हणून या वयात मी शेजारच्या मास्तरांकडे इंग्रजीची शिकवणी लावली आहे. हे माझं पहिलं पत्र. लाल शाईने चुका काढ आणि परत पाठव. लाजू नकोस, मीही लाजलो नाही.'

पहिल्याच ओळीत तीन चुका होत्या. तोर्सा तिथेच हंसाजवळ बसून रडली. "आज लिहायचं नसतं गं," आई म्हणाली, पण तोर्साने लाल पेन मागितलं आणि पत्राखाली बांगलात लिहिलं, 'दादू, एकही चूक नाही.'

सुदेष्णाने वाकून पाहिलं. तेवढ्याशा ओळीत दोन चुका होत्या. तिने पेन हातात घेतलं, थोडा वेळ तसंच धरलं आणि मग टोपण लावून टाकलं. त्या चुका काढायचा मान दादूंचा होता.