यहूदासाठी एकमताने

आमच्या गावच्या दगडी टेकड्यांवर प्रभू येशूच्या जीवनावरचा नवा चित्रपट निघणार, असं नगरपालिकेने जाहीर केलं आणि त्याच दिवशी गावातल्या यच्चयावत पुरुषांनी दाढी करणं बंद केलं. प्रभूचे शिष्य दाढीवालेच लागतात, त्यामुळे आमच्याकडे ही रीतच आहे. माझ्या आजोबांनी असल्याच एका चित्रपटात गाढव धरलं होतं. त्या पुण्याईवर ते मरेपर्यंत चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले. मी मात्र दर वेळी गर्दीत, तोही पाठमोरा. यंदा मला प्रभूचा पट्टशिष्य पेत्र व्हायचं होतं. आईची नजर अधू होत चाललीय. "कानियो, डोळे मिटायच्या आत तुला एकदा प्रभूच्या पंगतीला बघू दे रे," असं तिचं रोजचं चाललेलं.

दाढीला अल्पावधीतच धार्मिक अधिष्ठान प्राप्त झालं. पालिकेने दाढी-संवर्धन उपसमिती नेमली. गुळगुळीत गालांच्या भाविकांनी बाजूच्या दाराने यावं, अशी नम्र सूचना फादर जेरार्दोंनी केली. पोस्टमनला दाढी येईना, त्याने बकरीची चिकटवली. समितीने ती तत्त्वतः ग्राह्य धरली.

यात मेला तो दोनातो, गावातला एकुलता एक न्हावी आणि माझा सख्खा मेहुणा. धंद्याची जाहिरात म्हणून बिचारा स्वतः रोज तुळतुळीत. "दाजी, तुम्ही तरी या हो. निदान मान साफ करून देतो," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"येईन रे, पण अंधार पडल्यावर. लोक बघतात," मी म्हणालो. गेलो नाहीच.

निवडीच्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. चित्रपटवाल्या तुल्लियाबाई कारंज्याच्या पायरीवर उभ्या राहिल्या. "शिष्य कोण कोण होणार?" अख्खा चौक पुढे सरकला. "छान. आणि प्रभूला दगा देणारा यहूदा?" अख्खा चौक मागे सरकला.

"अहो, कुणीतरी लागेलच ना!"

"दोनातो!" पाववाला ओरडला. "गाल बघा मेल्याचे!"

"दोनातोच योग्य," फादरांनी घसा खाकरून अनुमोदन दिलं. मग सगळेच "हाच तो! हाच तो!" ओरडायला लागले. दोनातो कसंनुसं हसत होता. "दाजी, सांगा ना यांना काहीतरी!"

"तुमचा नातेवाईक का?" बाईंनी मला विचारलं.

"छे हो! तोंडओळख आहे. बायकोच्या माहेरचा कुणीतरी." एवढ्याने भागेना, म्हणून मूठ उगारून मीही ओरडलो, सगळ्यांच्या वर.

"कट!" बाई म्हणाल्या. समोरच्या गच्चीवर कॅमेरा केव्हाचा चालू होता. "प्रभूला क्रुसावर द्या म्हणणाऱ्या गर्दीचं दृश्य झालं. तालीम लागलीच नाही, आभार."

"आणि पेत्र?" मी पुढे होऊन विचारलं. "माझं काम जमलं होतं ना?"

"ओळख नाकारण्यापर्यंत उत्तम, पेत्रानेही प्रभूची ओळख नाकारली होती. पण तो नंतर रडला होता. तुम्ही भूमिका मागताय."

दुसऱ्या दिवशी दोनातोकडे दाढी उतरवायला गेलो.  त्याने न मागता मानही लख्ख साफ केली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते साबणाचं.

चित्रपट नाताळला येतोय. पडद्यावर माझा चेहरा भलामोठा दिसणार, एवढंच आईला सांगितलंय. तिने आतापासून नवा झगा शिवून घेतलाय. तुम्हीही बघायला जा. मूठ उगारलेला तो मीच. मला बघून "हाच तो नालायक!" असं तुमच्या तोंडून निघालंच, तर जरा मागे वळून बघा, कॅमेरा चालू असेल. आम्हीही दोनातोला एवढंच म्हणालो होतो.