जास्तीचे दोन डबे

साडूच्या ऑफिसात नवा पंखा बसला त्या दिवसापासून मास्तरला स्वतःच्या ऑफिसात जास्त उकडायला लागलं.

दोघंही स्टेशन मास्तर, दोघांची ऑफिसं समोरासमोर. एक नंबर फलाट मास्तरचा, दोन नंबर साडूचा, मधे चार रूळ. एक नंबरवरून गाडी डोंगरावर जायची, तिथल्या गिरण्यांकडे आणि कचेऱ्यांकडे. दोन नंबरवर नदीकाठच्या गावांची गाडी यायची आणि तिथूनच माघारी फिरायची. आणि दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यामुळे दोन नंबरवर काही नवं आलं की ते मास्तरच्या घरी त्याच्याआधी पोचायचं.

"भाऊजींचा पंखा म्हणे रिमोटवर चालतो," बायको म्हणाली.

"चालू दे. बटण दाबायला माझे हात शाबूत आहेत."

"तसं नाही हो. आपलं सहज सांगितलं."

ती सगळं सहजच सांगायची. भाऊजींची खुर्ची गोल फिरते, सहज. भाऊजींना बुटाचे दोन जोड मिळतात, सहज. आणि दर वेळी मास्तरच्या घशात घास अडकायचा, तोही अगदी सहज.

त्यात ही मोजणी आली.

भानगड अशी, की रूळ सरकारचे, पण त्यावर गाड्या चालवायचा ठेका एका कंपनीकडे. पंधरा वर्षांचा करार. करार झाला तेव्हा माणसं कमी होती, आता दुप्पट झाली. डबे मात्र तेवढेच. माणसं ओरडली की कंपनी म्हणायची, करारात एवढेच डबे लिहिलेत. सरकार म्हणायचं, चालवता तुम्ही. दोघांचं भांडण चाललेलं आणि मधल्या मधे माणसं एका पायावर उभी. शेवटी करारात एक नवं कलम घातलं. वर्षातून एकदा, ठरलेल्या मंगळवारी, सकाळच्या गाडीत उभे किती ते मोजायचं. शंभराच्या वर गेले तर कंपनीनं स्वतःच्या पैशानं डबे वाढवायचे. या वर्षी कंपनीकडे जास्तीचे डबे होते फक्त दोन. म्हणून ज्या लाईनीवर उभे जास्त, त्या लाईनीला डबे.

डबे यार्डात येऊन उभेही होते. निळे, कोरे, दारं आपोआप मिटणारी. मास्तर जेवायला जाताना वाट वाकडी करून त्यांना बघून यायचा. एकदा तर त्यानं एका डब्याच्या दारावरचा डाग रुमालानं पुसला.

त्याच्या सकाळी आठ दहाच्या गाडीची अवस्था खरंच वाईट होती. एक शिवणकामवाली होती, आठवा महिना लागलेला, रोज पन्नास मिनिटं दांडा धरून उभी. ती रोज खिडकीशी येऊन सुनवायची, "मास्तर, डबा वाढवा, नाहीतर उद्यापासून मी तुमच्या टेबलावर बसून जाणार!"

"येतोय, ताई, येतोय. डबा आपलाच आहे."

पण खरं सांगायचं तर मास्तरच्या डोळ्यापुढे शिवणकामवाली नव्हती. त्याच्या डोळ्यापुढे होता साडू, निळ्या डब्याच्या दारात उभा राहून हात हलवणारा.

मोजणीच्या आठ दिवस आधी साडू पूल ओलांडून आला. टेबलावर टेकला. मास्तरच्याच कपातला चहा प्यायला.

"साडूभाऊ, टेन्शन घेऊ नका. डबे तुम्हाला मिळाले काय, आम्हाला मिळाले काय, राहणार घरातच."

"हो ना."

"माझ्याकडे उभे साधारण दीडशे असतात. तुमच्याकडे?"

"असतील एकशेचाळीस."

"अरेरे," साडू म्हणाला. "दहानं हुकणार तुमचं." आणि मास्तरच्या पाठीवर थोपटून गेला.

ते थोपटणं मास्तरला दोन दिवस पाठीवर जाणवत होतं. तिसऱ्या दिवशी तो उठला तो डोक्यात बेत घेऊनच. दहा माणसं कमी पडतात? आपण शंभर घालू!

त्यानं सासूबाईंना फोन लावला. सासूबाई नदीकाठच्या गावात राहायच्या, आणि त्या एकट्या नव्हत्या. त्यांच्या मागे दीर, जावा, नणंदा, भाचरं, भाचरांच्या सासरची माणसं असा सगळा गोतावळा होता. सासूबाईंनी हाक मारली की नको म्हणायची कुणाची टाप नव्हती.

"आई, मंगळवारी सगळ्यांनी डोंगरावर फिरायला चला. आठ दहाच्या गाडीनं. दुपारचं जेवण माझ्याकडे."

"सगळ्यांनी म्हणजे किती, जावईबापू?"

"जेवढे उभे राहतील तेवढे."

"म्हणजे?"

"म्हणजे जेवढे असतील तेवढे! कुणाला मागे ठेवू नका."

सासूबाई नाक ओढत म्हणाल्या, "थोरल्या जावयानं इतक्या वर्षांत एकदा विचारलं नाही हो."

मास्तरला इतकं बरं वाटलं की त्यानं फोन ठेवल्यावर स्वतःलाच चहा करून दिला. संध्याकाळपर्यंत सासूबाईंचा निरोप आला, एकशेदहा माणसं नक्की. मास्तरनं कागदावर बेरीज केली. एकशेचाळीस आणि एकशेदहा, अडीचशे! त्यानं आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि समोरच्या फलाटाकडे बघून हसला. साडूनं तिकडून हात केला. त्याला वाटलं आपल्याकडे बघून हसतोय.

इथवर ठीक होतं. पण मास्तरच्या पोटात काही राहायचं नाही. सोमवारी त्यानं तिकीट खिडकीवर सांगितलं, चहावाल्याला सांगितलं, झाडूवालीला सांगितलं. "उद्या बघाच! आठ दहाला पाय ठेवायला जागा नसेल. माणसं दाराला लोंबकळतील!"

"एवढी गर्दी कसली हो?" चहावाल्यानं विचारलं.

"ते उद्या कळेल."

चहावाल्यानं ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. चहाबरोबर फुकट.

मंगळवारी मास्तर साडेसहालाच हजर. कडक इस्त्रीची पँट, केसाला पाणी. कंपनीचा साहेब आला. मोजणीवाल्या दोघी आल्या, एक दोन नंबरला गेली, एक मास्तरकडे. मास्तरकडची म्हणजे कोवळी पोरगी, पण तोंड असं घट्ट मिटलेलं की जणू हसली तर पगार कापतील. हातात टकटक करायचं आकड्याचं यंत्र.

"मॅडम, अंगठा दुखेल हं आज," मास्तर म्हणाला.

तिनं यंत्र शून्यावर आणलं.

पावणेआठ झाले. फलाटावर सहा माणसं. आठ वाजले. चाळीस. रोज या वेळेला फलाटाचा दगड दिसायचा नाही, आज फलाटावर पडलेलं एक बटणसुद्धा दिसत होतं.

"आज सुट्टी आहे का कुठली?" साहेबानं विचारलं.

"छे, छे! येतील. एकदम येतात आमच्याकडे."

मास्तर चहावाल्याकडे धावला. "काय रे, माणसं कुठायत?"

"अहो, तुम्हीच सांगितलंत ना, पाय ठेवायला जागा नसेल? निम्मी सात पस्तीसनं गेली. बाकीची म्हणाली, आठ पंचेचाळीसनं जाऊ, एक दिवस उशीर झाला तर झाला."

मास्तरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आग कुणावर काढणार? तेवढ्यात त्याला आठवलं, अजून एकशेदहा यायचेत! एकशेदहा तर एकशेदहा. शंभराच्या वर तर जाईल! त्यानं बायकोला फोन लावला.

"कुठायत तुझी माणसं?"

"येतायत की. आत्ताच आईचा फोन आला. गाडीत बसलेत. म्हणजे उभेच आहेत, बसायला कुठली जागा."

"कुठल्या गाडीत?"

"कुठल्या म्हणजे? नदीच्या. भाऊजींच्या. दुसरी आहे का कुठली तिकडून यायला?"

मास्तरनं फोन कानावरून काढला, त्याच्याकडे बघितलं, परत कानाला लावला.

"अहो, ऐकताय ना? आई म्हणत होती, इतकी गर्दी कधी बघितली नाही. दारं लागत नाहीयेत म्हणून गाडी मधल्या स्टेशनवर थांबलीय."

आठ दहा झाले. डब्यांत मिळून एकसष्ट माणसं, सगळी बसलेली. शिवणकामवाली तर खिडकीशी, दोन सीट घेऊन, समोरच्या सीटवर पाय ठेवून. मोजणीवाली पोरगी पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत गेली आणि आली. यंत्रावर शून्य.

"वेळ झाली, मास्तर," साहेब म्हणाला. "मिनिटाला दंड आहे करारात."

"हो साहेब. बुटाची नाडी तेवढी..."

मास्तरनं एका बुटाची नाडी बांधली. मग दुसऱ्या बुटाची सोडून बांधली. मग हिरवा झेंडा सापडेना. तो शिवणकामवालीनं खिडकीतून दाखवला. "तुमच्या काखेत आहे, मास्तर!"

झेंडा हलला. गाडी निघाली. शेवटचा डबा फलाट सोडतोय तोवर समोर दोन नंबरवर साडूची गाडी आली. दारं उघडी, माणसं बाहेर आलेली, एका दारातून तर नुसत्या पिशव्याच दिसत होत्या. गाडी थांबली आणि सासूबाईंचा गोतावळा फलाटावर सांडला. तिकडची मोजणीवाली असं टकटक करत होती की एक नंबरपर्यंत ऐकू येत होतं.

"जावईबापूऽऽ!" सासूबाई पुलावरून ओरडल्या. "थांबवा ना गाडी! एवढं उभ्यानं आलोय!"

साडूचा आकडा झाला दोनशेअठ्ठावन्न. करार झाल्यापासूनचा सगळ्यात मोठा. साहेबानं तिकडे जाऊन त्याचा हात हातात घेऊन हलवला. साडू तिथूनच ओरडला, "साडूभाऊ, तुमचे उपकार कसे फेडू!" आणि त्याला खरंच वाटत होतं, हे सगळं मास्तरनं त्याच्यासाठी केलं.

दुपारी एकशेदहा माणसं मास्तरकडे जेवली. साडूही जेवला. तो एकशेअकरावा.

निळे डबे गेले दोन नंबरला. मास्तर आठवडाभर त्या बाजूची खिडकी बंद ठेवून बसला. उकडून जीव जात होता, पण खिडकी उघडली नाही.

या बंद खिडकीमुळे त्याला एक गोष्ट दिसलीच नाही. ती साहेबाला दिसली. मंगळवारी आठ पंचेचाळीसनं गेलेल्या माणसांना एक शोध लागला होता. आपण पस्तीस मिनिटं उशिरा पोचलो आणि कचेरीत कुणाच्या लक्षातही आलं नाही! सात पस्तीसवाल्यांना कळलं, लवकर गेलं की लवकर सुटता येतं. झालं, माणसं परत आठ दहाला आलीच नाहीत. तीन गाड्यांत वाटली गेली. डोंगराच्या लाईनीवर उभं कुणी राहीना. तिकडे नदीच्या लाईनीवर नवे डबे लागल्याचं ऐकून एसटीनं जाणारी माणसंही गाडीला आली. डबे दोन वाढले, माणसं चार डब्यांची वाढली.

चार महिन्यांनी साहेबानं दोघांना बोलावलं.

"मास्तर, एकही डबा न वाढवता तुम्ही गर्दी संपवली. आम्ही वर्षानुवर्षं करारावर डोकं फोडतोय. कसं केलंत?"

मास्तर म्हणणार होता, मत्सरानं. पण म्हणाला, "नियोजन, साहेब."

"मला वाटलंच. तुमच्यासारखा माणूस गर्दीच्या जागी हवा. सोमवारपासून तुम्ही दोन नंबरला. निळे डबे तुमच्या ताब्यात. आणि तुमचे साडू तुमच्या जागी."

मास्तरला आनंद इतका झाला की घरी जाताना त्यानं दोनदा चुकीची गल्ली घेतली. बायकोला म्हणाला, "बघ, डबे आले की नाही शेवटी?"

सोमवारी संध्याकाळी, सहाच्या गाडीला, निळ्या डब्याचं दार मिटेना. मिटायला आलं की कुणाची तरी कोपरं, कुणाचं तरी पोतं मधे. मास्तर बाहेरून खांदा लावून माणसं आत ढकलत होता. शर्टाची दोन बटणं गेली होती. आतून कुणीतरी त्याच्या आईचा उद्धार करत होतं, आणि कुणीतरी म्हणत होतं, आधीचे मास्तर बरे होते.

त्यानं घाम पुसायला मान वर केली. समोर एक नंबरवर डोंगराची गाडी उभी होती, रिकामी, गार. साडू बाकावर बसून पाय लांब करून नखं कापत होता. एक नख कापायचा, हात लांब धरून बघायचा, मग दुसरं. कामावरून परतलेली शिवणकामवाली त्याला पोराचे फोटो दाखवत होती. साडूनं इकडे बघितलं आणि प्रेमानं हात केला.

मास्तर ढकलणं सोडून सरळ उभा राहिला. मग त्यानं दाराशी रेटणाऱ्या एका बाईचा दंड धरला.

"बाई, इथं कशाला चेंगरताय? ती समोरची गाडी बघा, अख्खी मोकळी आहे! पूल ओलांडा आणि बसा! सगळ्यांनी जा! चला, चला, पटापट!"

"हो का?" बाई पिशव्या गोळा करत म्हणाली. "कुठं जाते हो ती?"

"डोंगरावर."

"अहो, आम्हाला नदीकाठी जायचंय!"

"जाल हो नंतर," मास्तर म्हणाला. "आधी बसून तर घ्या!"