पहिले पाच घटक

रंगाच्या कारखान्यातला तपासनीस घरी आला तरी तपासनीसच राहतो, हे त्याच्या बायकोला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं होतं. बिस्किटाचा पुडा असो की साबणाची वडी, मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय स्वारी काही उघडू द्यायची नाही. म्हणून घरात सगळे त्याला ‘लेबलराव’ म्हणत आणि तो बिचारा ती पदवी समजून खूश व्हायचा.

त्या सकाळी त्याचा दाढीचा ब्रश पुन्हा एकदा बादलीत पडला. आरशाखालच्या फळीवर त्याला जागाच उरली नव्हती.

“अगं, माझा ब्रश पोहतोय इथे!”

“त्या दोन बाटल्यांना धक्का लावाल तर खबरदार,” बाहेरून आवाज आला. “मावसबहिणीने कोरियाहून पाठवल्यात. तोंडाला लावायचं एक टोनर, एक इसेन्स. इथे मिळत नाहीत.”

“दोन्हींवर तेच लिहिलंय. ओलावा देतो, उजळवतो, सुरकुत्या घालवतो. दोघं एकच काम करतात, मग दोघं कशाला?”

“तुम्ही आणि तुमचे साहेबही एकच काम करता. ठेवलंय ना कारखान्याने दोघांना?”

लेबलरावाने ब्रश बादलीतून काढून झटकला. बायकोचा जीव त्या बाटल्यांत का अडकलाय, हे त्याला ठाऊक होतं. पंधरा दिवसांवर तिच्या शाळेच्या वर्गाचा मेळावा होता आणि तिथे ‘आरसा’ येणार होती. दिसेल त्या काचेत तोंड बघायची म्हणून तिला वर्गाने ते नाव दिलेलं. याच आरशाने शाळेच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, “तुझं तोंड म्हणजे उन्हात विसरलेलं फडकं!” तीस वर्षं झाली, पण ते वाक्य काही बायकोच्या मनातून पुसलं गेलं नव्हतं.

हे सगळं माहीत असूनही बायको बाजारात गेल्यावर त्याने चष्मा चढवलाच. पाणी, ग्लिसरीन, नायसिनामाइड, पँथेनॉल, हायलुरोनिक आम्ल. दुसऱ्या बाटलीवरही तेच, त्याच क्रमाने! कारखान्यात त्याचा एक लाडका नियम होता: पहिले पाच घटक जुळले की माल एकच, डबे एकत्र करा, जागा वाचवा. त्याने टोनर इसेन्समध्ये ओतला, झाकण लावलं आणि मोकळ्या जागेवर ब्रश मोठ्या थाटात उभा केला.

सहावा घटक त्याने नंतर वाचला. एकीकडे आंबवलेल्या तांदळाचा अर्क आणि दुसरीकडे चक्क गोगलगायीचा चिकट स्राव! बाटलीत पांढरट तारा सुटल्या होत्या. त्याने मिश्रण चहाच्या गाळणीतून गाळलं, तर गाळणीच तुंबली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. बायकोच्या चपलांचा आवाज जिन्यात ऐकू आला, तशी त्याने घाईघाईने दोन्ही बाटल्यांत ग्लिसरीन आणि पाणी भरून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो थेट सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात.

“काका, कोणासाठी हवंय?” काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

“तपासणीसाठी,” तो म्हणाला. “गोगलगायवाले सगळे दाखवा. तांदूळवालेही.”

दुसरा एखादा नवरा असता तर मिळेल ते ओतून मोकळा झाला असता. पण हा पडला तपासनीस! वास, चिकटपणा, ओघळण्याचा वेग, सगळं ओतताना होतं तसं हुबेहूब जुळेपर्यंत माल पास करायचा नाही, असा त्याचा बाणा. आणि तपासायला चामडी कुणाची? स्वतःचीच. रोज कामावर जाण्याआधी डाव्या गालावर एक, उजव्या गालावर दुसरं आणि कपाळ मधल्यामध्ये कोरं, तुलनेसाठी. बाटल्या बुटांच्या कपाटात, पॉलिशच्या डब्यांमागे. एक फार पातळ निघे, एकाला काकडीचा वास येई. मग पुन्हा दुकान.

“या दादा,” आता ती मुलगी म्हणायची. “नवीन आलंय एक.”

काकाचा दादा कधी झाला, हे काही त्याच्या लक्षात आलं नाही. त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. कपाटातल्या बाटल्या भराभर उतरत होत्या. “बाष्पीभवन,” त्याने निदान केलं आणि झाकणं आणखी घट्ट केली.

बायको मात्र रोज फळीवरच्या बाटल्या घेऊन आरशासमोर बसायची.

“काही फरक दिसतोय का हो?”

“दिसतोय की!” तो म्हणायचा आणि पेपरात डोकं घालायचा. मेळाव्यात हिची फजिती झाली तर ती आपल्यामुळे, या विचाराने त्याला जेवण गोड लागेना. खरं सांगावं, तर जीभ रेटेना.

मेळाव्याचा दिवस उजाडला तरी माल पास झाला नव्हता. हॉलच्या दारातच आरसा उभी. तिने बायकोला खालून वर न्याहाळलं, मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा न्याहाळलं.

“अगं बाई! काय लावतेस तरी काय?”

“मी? साधं पाणी,” बायको म्हणाली.

लेबलरावाला ठसका लागला. चोराच्या मनात चांदणं! तोवर आरशाची नजर त्याच्यावर गेली होती.

“आणि हा कोण? धाकटा भाऊ का गं तुझा?”

“नवरा आहे माझा,” बायकोने त्याचा दंड धरला आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तोही पाणीच लावतो.”

मग काय विचारता! संध्याकाळभर बायकोभोवती मैत्रिणींचा गराडा. आरसा बिचारी खुर्ची ओढून तिच्याच शेजारी बसली आणि तीनदा विचारून गेली, पाणी कोमट की गार.

घरी परतताना बायको गुणगुणत होती. लेबलरावाला राहवेना.

“अगं, एक सांगायचंय. त्या बाटल्यांत खरोखरच पाणी आहे.”

“माहितेय. गाळणी कुणी घासली? आणि ग्लिसरीन एवढं घालतात का? पहिल्याच दिवशी उशी गालाला चिकटली माझ्या.”

“मग तू इतके दिवस लावत काय होतीस?”

“बुटांच्या कपाटातलं. तुम्ही कामावर गेलात की. काकडीचा वास आहे ना, तो माझ्या आवडीचा. तो संपलाय, उद्या आणा.”

तो चालता चालता थांबला.

“म्हणजे ते बाष्पीभवन...”

“बाष्पीभवन कसलं? बायको!” ती म्हणाली. “आणि त्या सगळ्या बाटल्या आता फळीवर राहतील, तुमच्या त्या ब्रशला बुटांच्या कपाटात जागा केलीय.”